अर्जावर कोणाचा अंगठा

शाईच्या प्रिंटरला रोज एक तरी पान छापायला लावावं लागतं. नाही लावलं तर शाई त्याच्या तोंडातच सुकते, आणि मग कितीही बटणं दाबा, तो कोरे कागद बाहेर फेकत बसतो. आमच्या घरी हे काम धुरपताचं होतं. सकाळी देवाला फूल वाहिलं की ती पदराला हात पुसत समोरच्या खोलीत यायची, बटण दाबायची आणि रंगीत पट्ट्यांचं पान बाहेर आलं की ते गॅसखाली अंथरायला घेऊन जायची. कोणी शिकवलं नव्हतं तिला. चौथी पास बाई, पण यंत्राला उपाशी ठेवू नये एवढं तिला कळत होतं.

दीड वर्षापूर्वी ती पुण्याला गेली. मुलगा इंद्रकुमार तिथं कंपनीत, सून रेणूही नोकरीवाली, आणि नात रुची नुकतीच रांगायला लागलेली. सहा महिन्यांसाठी जाते म्हणाली. मागे राहून मी आंघोळ, चहा आणि बीपीची गोळी एवढं लक्षात ठेवलं. प्रिंटरचं पान विसरलो. दोन महिन्यांत तो मेला.

मी केशोराव. तीस वर्षं तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसलो. आता गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या घराच्या समोरच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसतो. दारावर पाटी आहे: अर्ज, शपथपत्र, झेरॉक्स. लोक म्हणतात केशोराव तिरसट आहे, पण त्यानं लिहिलेला अर्ज परत येत नाही. दोन्ही खरं आहे. म्हणजे होतं.

नवा प्रिंटर घ्यायला गोंदियाच्या बाजारात भैय्यालालच्या दुकानात गेलो. घरातली कोणतीही वस्तू धुरपताशिवाय घेतलेली नव्हती, म्हणून तिला फोनवर चित्रासकट बोलावून घेतलं आणि फोन काउंटरवर डब्याला टेकवून उभा केला.

"भाऊ, कलरवाला ले लो," भैय्यालाल म्हणाला. "फोटो, बच्चों के प्रोजेक्ट, सब निकलेगा."

"माझ्या गिऱ्हाइकाच्या अर्जात रंग नसते बापा," मी म्हणालो. "काळा दाखव. लेझर."

त्यानं तीन दाखवले. मी त्याला सांगितलं, किंमत शेवटी सांग. आधी हे सांग की याच्या टोनरची भुकटी किती पानं चालते, ती गोंदियात मिळते का नागपूरहून मागवावी लागते, आणि बिघडला तर तू येशील का तुझा फोन बंद लागेल. वर झेरॉक्सची काच पाहिजे. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा पाहिजे, कारण पानं उलटी घालण्यात माझा अर्धा जन्म गेला. आणि भुकटीची डबी वेगळी, ड्रम वेगळा असलेला पाहिजे, म्हणजे एक संपलं की दुसरं फेकावं लागत नाही. प्रिंटर घेणं हे मुलगी पाहायला जाण्यासारखं नाही, पोहे खाऊन ठरवता येत नाही.

"याच्यात शाई नाही त काय पीठ टाकतेत का जी?" फोनमधून धुरपतानं विचारलं.

"हाँ भाभी, काला आटा समझ लो," भैय्यालाल हसला. त्या दिवसापासून आमच्याकडं भुकटीचं नाव पीठ पडलं.

मग भैय्यालालनं एका प्रिंटरवर हात ठेवला आणि म्हणाला, "ये सूखता नहीं, भाऊ. महीनाभर मत पूछो, फिर भी पहला पन्ना साफ."

महिनाभर विचारलं नाही तरी चालतं. हे ऐकल्यावर मी पुढं काही पाहिलंच नाही, तोच घेतला. एकट्या माणसाला असंच यंत्र बरं, असं मी बोलूनही गेलो. फोनमध्ये धुरपतानं ते ऐकलं. रुचीनं तिचा चष्मा ओढला आणि फोन बंद पडला.

प्रिंटर चांगला निघाला, खोटं कशाला बोलू. जागा होताना तो पंख्याची हवा काढून घेतो, एवढा जोर लागतो त्याला. इन्व्हर्टरवर लावायचा नाही, थेट भिंतीच्या प्लगमध्ये. पण एकदा तापला की पानांमागून पानं, गरम, कोरडी, पावसाचं पाणी पडलं तरी अक्षर पसरत नाही. भैय्यालालनं ड्रमबद्दल तेवढं बजावलं होतं: बाहेर काढू नका, ऊन दाखवू नका, हात लावू नका. त्या गोल दांड्यावरच अक्षर उमटतं आणि तिथून कागदावर जातं.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग दसऱ्याला धुरपता चार दिवसांसाठी आली. दारातच म्हणाली, "हे घर हाये का गोदाम?" आणि पदर खोचला. मी वरवर कुरकुर केली, पण आतून मला एवढं बरं वाटत होतं की मी गिऱ्हाइकांशी दोन दिवस नीट बोललो.

दसऱ्याच्या पूजेला आमच्याकडं हळदकुंकू वस्तूच्या अंगाला लावत नाहीत, तिच्या कामाच्या जागेला लावतात. विळ्याच्या पात्याला, नांगराच्या फाळाला. जिथून काम होतं तिथं. माझ्या टाइपरायटरला ती रुळाला लावायची. आणि लावायची ती अंगठ्यानं, दाबून. अवजाराला बोटाच्या टोकानं लावलेलं पोचत नाही असं तिचं म्हणणं. त्या दिवशी तेलात कालवलेली हळद घेऊन ती प्रिंटरसमोर उभी राहिली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. सगळंच प्लास्टिक.

"याचा फाळ कोणता जी?" तिनं विचारलं.

सोनं द्यायला शेजारच्या दोन बाया आल्या होत्या, त्याही पाहत होत्या. मला काय शहाणपण सुचलं देव जाणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी झाकण उघडलं, ड्रम बाहेर ओढला आणि उलटा करून दाखवला. हिरवा, आरशासारखा चकाकणारा दांडा. "हा पाहा," मी म्हणालो. "साऱ्या अर्जाचा जीव अथी हाये."

आणि तिनं मनोभावे, डोळे मिटून, त्याच्यावर अंगठा दाबला.

मी ओरडलो. जे तोंडाला आलं ते बोललो. "तुले काही समजते का? नांगर समजली का तू हे? सत्यानाश केला! जा, तू पुण्यालेच जा, तथीच शोभतेस!"

दोघी बाया आपट्याची पानं ठेवून निघून गेल्या. धुरपतानं हळदीची वाटी देवापुढं नेऊन ठेवली, हात धुतले आणि पोळ्या लाटायला बसली. तिनं मला उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं आणि भांडण झालं असतं तर ते मिटलं असतं. ती बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "गोळी टायमावर खाजा." मी हो म्हणालो. चूक माझी होती, ड्रम मीच बाहेर काढला होता, आणि गाडी हलेपर्यंत मला ते पक्कं माहीत होतं. तरी तोंडातून शब्द निघाला नाही.

ड्रमवरची हळद मी कापसानं पुसली होती. पण तेलाचा डाग गेला नाही. घरी येऊन पहिलं पान छापलं तर त्याच्यावर तीन करडे डाग, एकाखाली एक, साडेतीन-पावणेचार इंचांवर. एक पान निघेपर्यंत ड्रम तीनदा फिरतो, म्हणून तीन. दुसरं पान छापलं, तेच. भैय्यालालला फोन केला. "ड्रम बदलना पड़ेगा, भाऊ," तो म्हणाला, आणि आठ दिवसांत नवा ड्रम आणूनही दिला.

तो नवा ड्रम खोक्यासकट फळीवर राहिला.

सुरुवातीला मी सबब सांगत होतो. आज गिऱ्हाईक फार आहे, उद्या बदलू. उद्या वीज नाही, परवा बदलू. मग एका दुपारी एक पान अडकून कोरंच बाहेर आलं. अक्षरं नाहीत, नुसते तीन डाग. मी चष्मा लावून पाहिलं आणि खुर्चीत बसलो. ते डाग नव्हते. रेषा होत्या, बारीक बारीक, आणि त्यांच्यातून एक तिरपी पांढरी रेघ गेली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धान कापताना तिच्या अंगठ्यावर विळा बसला होता, त्याची खूण. मीच चिंधी बांधली होती.

आता सरळ सांगतो. मला तिची फार आठवण येत होती. दीड वर्ष मी स्वतःला सांगत होतो की नातीसाठी गेली आहे, पुण्याचं काम आहे, म्हातारपणी कसली आठवण आणि कसलं काय. त्या कोऱ्या पानानं माझं सोंग उघडं पाडलं. त्यानंतर मी ड्रम बदलायच्या गोष्टी बंद केल्या. सकाळी चहा झाला की प्रिंटर सुरू करायचो आणि एक कोरं पान काढायचो. या यंत्राला रोज छापायची गरज नव्हती. मला होती.

रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. "जेवले?" "नाही, आता जेवतो." "गोळी?" "खाल्ली." मग ती फोन रुचीच्या कानाला लावायची, रुची दोनदा फुंकर मारायची, संपलं. दसऱ्याची गोष्ट तिनं काढली नाही, मी काढली नाही. दिवाळीला आली नाही; रेणूला रजा नव्हती. दिवाळीनंतर कोहमाऱ्यापलीकडं आमच्या मूळ गावाची मंडई, म्हणजे रात्रीच्या नाटकासकट जत्रा, भरली. मंडईला ज्याच्या त्याच्या घरी लेकीबाळी, जावई, पाहुणे, पाय ठेवायला जागा नसते. मी एकटाच गेलो. "वहिनी नाही आली का गा?" एकानं विचारलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. नाटक सुरू व्हायच्या आधीच मी बस पकडून परत आलो.

मी पुण्याला का गेलो नाही, असं कोणीही विचारेल. एकदा गेलो होतो. आठ दिवस बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्या मोजल्या. तिथं मी पाहुणा होतो आणि ती कामात होती. मला ती माझ्या घरात पाहिजे होती. आणि हे तिला सांगायचं म्हणजे विनंती करणं आलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी विनंत्या लिहिल्या. 'तरी मेहेरबान साहेबांनी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा' ही ओळ माझ्या हातून हजारदा गेली असेल. स्वतःसाठी एकदाही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत झाली होती.

लोकांना डाग दिसत होते, पण ते बोलत नव्हते. स्वस्तातलं झेरॉक्स, एखादा डाग असायचाच. मीही कानाडोळा करत होतो. लेखनिकाच्या धंद्यात हे पाप आहे, मला माहीत आहे.

जानेवारीत एका सकाळी सुलोचनाबाई आली. शेजारच्या फुलचूर गावची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. तिचा निराधारचा अर्ज मी लिहून दिला होता. तिनं तो माझ्या टेबलावर आपटला.

"केशोराव, माझ्या अर्जावर कोणाचा अंगठा लावून राहिले तुम्ही?"

"काऊन? काय झालं?"

"परत देला त्यायनं. बाबू म्हणे, बाई, याच्यावर पहिलेच तीन अंगठे हायेत. तुझा कोणता? आन् बाकीचे कोणाचे? मी म्हटली, साहेब, मी त एकच लावली. सारे हासून राहिले ना तथी माझ्यावर. दोन खेपा आटोनं गेली मी."

मी अर्ज उचलला. खाली तिचा निळ्या शाईचा अंगठा होता. आणि मजकुराच्या मधोमध, एकाखाली एक, धुरपता. बाबूचं काही चुकलं नव्हतं. माझा अर्ज परत येत नाही ही माझी तीस वर्षांची शेखी होती, आणि ती एका विधवा बाईच्या डोक्यावर फुटली होती. मला मान वर करवेना.

"सांगा ना. कोणाचा हाये?"

काय सांगणार होतो? यंत्र बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. पण बाईनं माझ्यामुळं चारचौघांत हसू करून घेतलं होतं. मी खरं सांगितलं. दसरा, फाळ, हळद, ओरडणं, फळीवरचा खोका, सगळं. गिऱ्हाइकाला एवढं मी जन्मात कधी सांगितलं नव्हतं.

सुलोचनाबाई ऐकत राहिली. मला वाटलं हसेल, नाहीतर हळहळेल. ती चिडली.

"ते जित्ती हाये ना?"

"हो."

"मंग अंगठ्याले कायले धरून बसले? माणसाले बोलवा ना! माझा माणूस गेला, त्याची एक बंडी हाये माझ्याजवळ. मी बंडी धरून बसते, मले दुसरं काही नाही. तुमची त फोनवर बोलते रोज. लाज नाही वाटत का जी, जित्त्या बाईची आठवण करून रडायले?"

मी उठलो, फळीवरचा खोका काढला. काळ्या कागदातून नवा ड्रम सोडवला, उजेडाकडं पाठ करून. जुना बाहेर काढला. तो वर्तमानपत्रात गुंडाळताना मी एकदा थांबलो, सुलोचनाबाईनं खाकरलं, मी गुंडाळला. नवा बसवला, झाकण लावलं, बटण धरून ठेवलं. पंखा मंदावला, प्रिंटर गुरगुरला, आणि तिचा अर्ज नव्यानं छापून बाहेर आला. पांढराशुभ्र. कुठंही काही नाही. तो स्वच्छ कागद पाहून मला दारात कुलूप पाहिल्यासारखं झालं. सुलोचनाबाईनं स्टँपपॅडवर अंगठा टेकवला, जिथं लावायचा तिथं लावला, फुंकर मारली आणि कागद पिशवीत घालून निघाली. पैसे मी घेतले नाहीत, तिनंही विचारलं नाही.

दुपारी दोनला रुची झोपते हे मला माहीत होतं. मी दार लोटलं आणि फोन लावला.

"काय जी?" धुरपता घाबरून म्हणाली. "आता या टायमाले? बरं हाये ना?"

"बरं हाये."

"जेवले?"

"जेवलो. अवो, दसऱ्याले मी तुले जा म्हणालो होतो."

"हो. म्हणाले होते."

"माझंच चुकलं. ड्रम मीच काढलो होतो बाहेर. तू ये."

पलीकडं कुकरची शिटी झाली. ती गॅस बंद करायला गेली असावी, कारण पावलं ऐकू आली, मग भांडं वाजलं.

"इचारून राहिले का बोलावून राहिले?" ती म्हणाली.

"बोलावून राहिलो. मले करमत नाही अथी. तुझ्याबिगर करमत नाही. घरी ये."

"आता कशी येऊ जी?" तिचा आवाज बदलला होता. "रेणूले नवीन नोकरी लागली मागच्या महिन्यात. सकाळी आठले निघते, अंधार पडल्यावर येते. माझ्या भरोशावर हो म्हणली. पोरीले कोणाजवळ टाकू? रुची शाळेत जाईल तव्हाच माझी सुटका, आणखी दीड-दोन वर्षं त नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी मंडईपावतर वाट पाहिली," ती म्हणाली. "बॅग काढून ठेवली होती. म्हटलं, फोन करतील, ये म्हणतील. मंडईले त म्हणतीलच. रोज फोन करत होती मी, तुम्ही गोळीचं सांगत होते. ये काही म्हणले नाही. मंग रेणूनं इचारलं, आई राहता का? मी कोणाच्या भरोशावर नाही म्हणू? मी राहते म्हणली."

टेबलावर सकाळचे कागद पडले होते, सगळे स्वच्छ. मी तीन महिने माझ्या घरात बसून तिच्या अंगठ्याची पानं काढत होतो, आणि तिकडं ती मंडई होईपर्यंत माझ्या एका शब्दासाठी बॅग भरून बसली होती. मुदत निघून गेल्यावर आलेला अर्ज मी स्वतः कितीदा लोकांना परत केला आहे. आता काही होत नाही बापा, असं म्हणून.

"ऐकून राहिले का जी?"

"ऐकून राहिलो."

"मघा म्हणले ते आणखी म्हणा."

"काय?"

"तेच."

बायकोचं नाव आमच्यात घेत नाहीत. मी तिला अवो म्हणत आलो, नाहीतर इंदरची माय. रेशन कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, मतदार यादीच्या अर्जावर तिचं नाव मी कितीदा लिहिलं, पण चाळीस वर्षांत ते तोंडानं एकदाही घेतलं नव्हतं. घेताना अडखळलो.

"धुरपता, ये," मी म्हणालो.

तिकडून श्वासाचा आवाज येत राहिला. आत कुठंतरी रुची जागी होऊन तिला हाका मारत होती. ती उठली नाही.

"आणखी एक खेप म्हणा," ती म्हणाली.

मी म्हटलं.